पाणी तोडायचे दिवस

आपोष्णीचं पाणी घेतलेला उजवा तळवा यज्ञेश्वरपंतांनी ओठांशी नेला, आणि त्या पळीभर पाण्याला लसणाचा वास आला. वास फार नव्हता. पण सदाशिव पेठेतल्या सरदाराचा चौक, सोवळ्यातल्या ब्राह्मणांची लांबलचक पंगत, पानाभोवती रांगोळी, मध्ये उदबत्तीची झाडं, अशा ठिकाणी लसणाचा वास थोडा किंवा फार असा नसतोच. तो असतो किंवा नसतो. पंतांनी पाणी गिळलं. आणि तेवढ्यात डावीकडच्या पाटावर बसलेल्या श्रीधरपंतांनी आपला पाट चार बोटं पलीकडे सरकवला. एकदा आपोष्णी घेतली की माणूस पाटावर खिळतो. पान वाढलेलं असताना पाट हलवायचा म्हणजे मोठं कारण हवं. श्रीधरपंतांनी कारण सांगितलं नाही, पंतांकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर पंतांना इतकं वाटलं नसतं. दोघं सरकारी दप्तराच्या एकाच फडावर कारकून, वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसणारे. श्रीधरपंत कधीही कुणाला सरळ काही बोलल्याचं फडात कुणाला आठवत नव्हतं, आणि तरी ते काय बोलले हे मात्र सगळ्यांना कळलेलं असायचं.

चूक कुठे झाली हे पंतांना ठाऊक होतं. पहाटे, अंघोळीच्या आधी, ते परसात गेले होते आणि लसणाच्या एका रोपाच्या बुडाशी बोट घालून गड्डी कितपत भरली ते चाचपून पाहिलं होतं. नख लागलं. एवढंच. मग त्यांनी हात राखेनं घासले, वास गेला नाही म्हणून तुळशीची पानं चुरगळली, तरी गेला नाही म्हणून वर गंध चोळलं. परिणाम असा झाला की देवळात ठेचा कुटल्यावर जसा वास येईल तसा वास त्यांच्या बोटांना यायला लागला. नुसता लसूण असता तर एखाद्याला वाटलं असतं, वारा मंडईकडून येतोय. चंदनातला लसूण मात्र वाऱ्यानं येत नाही, तो कुणीतरी लपवलेलाच असतो. पंत जेवले. वरण जेवले, पुरण जेवले, आग्रहाला नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि सगळा वेळ त्यांच्या डोळ्यासमोर त्या चार बोटांच्या जागेत फिसकटलेली रांगोळी होती. पुण्यात कुणाला पंगतीतून उठवत नाहीत. उठवणं हा गावंढळपणा झाला. पुण्यात फक्त पुढच्या वेळी आमंत्रणाची अक्षत येत नाही. रामनवमीला याच चौकात पंगत असते. तिची अक्षत घेऊन माणूस घरोघर फिरेल, आणि एका दारावरून तो सरळ पुढे जाईल. बाकी काही होणार नाही. फडावर विडा पुढे करणारे हात जरा सावकाश पुढे येतील. कुणाच्या मुंजीला बोलावणं यायचं राहून जाईल आणि नंतर भेटल्यावर तो गृहस्थ म्हणेल, अरे, तुम्हाला सांगायचं राहिलंच की. माणूस हळूहळू स्वतःच्या गावात पाहुणा होतो.

घरी कसब्यात परतताना ते सरकारवाड्यापुढच्या मंडईतून गेले. ऊन कलतं होतं आणि बागवानांनी पालांपुढे नव्या लसणाचे ढीग घातले होते. पंत थांबले. इकडेतिकडे पाहिलं आणि, जणू नाक शिंकरायचंय अशा थाटात, दीर्घ श्वास घेतला. काही झालं नाही. तो लसूणच होता, पण त्याच्यात कुणी नव्हतं. मोठा, पांढरा, फोफशा. शिंद्यांच्या छावणीत भाकरीबरोबर खाऊन घोड्यावर बसावं असा. त्यांच्या बायकोचा, सगुणेचा लसूण लहान असायचा, बोराएवढ्या गड्ड्या, सालीवर जांभळ्या रेघा, आणि पाकळी सोलताना डोळ्यांत पाणी येईल इतका उग्र. 'आमच्या लोणीचा आहे,' ती म्हणायची, 'आमच्यासारखाच. दिसायला काही नाही.' लोणी काळभोरच्या कुलकर्ण्यांची ती मुलगी. तिथल्या ब्राह्मणांना लसणाचं काही वाटत नसे. शेतावर सावली नाही नि घरात लसूण नाही अशी कल्पना त्यांना करता येत नव्हती. लग्नात रुखवतात बाकी सगळं होतं, पण लसूण नव्हता; तो तिच्या आईनं ओटीतल्या खणात, नारळाच्या खाली बांधून दिला होता. सासरी पहिल्या दिवशी ओटी सोडताना तो घरंगळत देव्हाऱ्यापाशी गेला. तेव्हा पंतांचे वडील हयात होते आणि ते दिवसातून तीनदा अंघोळ करत. त्यांनी विचारलं, 'हे काय?' सगुणा तेव्हा एवढीशी पोर. ती म्हणाली, 'औषध.' वडिलांनी थोडा विचार केला. औषधाला शास्त्रात आधार होता. 'परसात ठेव,' ते म्हणाले, 'विहिरीच्या पलीकडे.' त्या दिवसापासून त्या घरात लसणाला कुणी लसूण म्हटलं नाही. त्याचं नाव 'ते'.

ते विहिरीपलीकडे, न्हाणीच्या पाण्याच्या पाटाशेजारी, एका वाफ्यात वाढत राहिलं. अलीकडे अळू, पलीकडे ते. दिवाळी झाली की सगुणा गड्ड्या फोडून पाकळ्या वेगळ्या करायची, थोराड पाकळ्या निवडायची आणि टोक वर करून, अंगठ्यानं दाबून लावायची. पंत तेव्हा तरुण होते, फडावर नवे लागलेले. त्यांना परसात फक्त एका कारणासाठी जावं लागे आणि तिथून ते नाकासमोर बघत परत येत. एकदा येताना ती वाफ्याकडेला उकिडवी बसलेली दिसली. तिनं एक वेगळा लहान पाटा-वरवंटा पडवीमागे ठेवला होता. घरातल्या पाट्याला ते लागून चालणार नव्हतं. ती त्यावर काहीतरी वाटत होती आणि हसू दाबत होती.

'अहो, इकडे या.'

'मला संध्या करायचीय.'

'करायचीय ना? मग अजून केली नाही. या.'

ते गेले. तिनं भाकरीचा तुकडा पुढे केला, वर लाल गोळा. पंतांनी घराकडे पाहिलं. घर जिथल्या तिथे होतं. त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला आणि पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपल्याला काहीतरी झालं; मग वाटलं की आतापर्यंत आपल्याला काहीच झालेलं नव्हतं. कानांतून वाफ आली. सगुणा तोंडावर पदर धरून लोळायची बाकी होती. 'राहूच्या तोंडातून सांडलेलं अमृत आहे ते,' ते ठसकत, शास्त्राचा आधार शोधत म्हणाले. 'असेना,' ती म्हणाली, 'सांडलं तर आहे ना अमृतच.' त्यानंतर कित्येक वर्षं, पहिली कोवळी पात यायला लागली की, वडील दुपारी वामकुक्षी घ्यायला गेल्यावर, पंतांना परसात जावं लागायचं. वेलदोडे, लवंग, दोन विडे, मग संध्या. पंतांच्या संध्येला त्या दिवसांत जो एकाग्रपणा यायचा त्याचं वडिलांना कौतुक वाटे.

भिंतीपलीकडे कागद्यांची घरं होती. लगदा कुटायच्या लाकडी दांड्याचा धप्‌धप् आवाज दिवसभर यायचा. या घरातली सगळी बोलणी त्या ठेक्यावर चालत. कागदी चांदभाईची बायको नसीमबानू भिंतीवरून ओंजळ पुढे करी आणि सगुणा तिला गड्ड्या देई. सगुणा गेल्यावर काही महिन्यांनी नसीमबानूनं भिंतीवरून फक्त डोकं वर काढलं, ओंजळ नाही. 'पंत, बाई होत्या तेव्हा आमच्या घरात मंडईचा लसूण येत नव्हता,' ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, 'आता येतो,' एवढं म्हणून खाली गेली. सगुणेबद्दल लोक जे जे बोलले त्यांत पंतांना तेवढंच लक्षात राहिलं. बाकीचे म्हणाले, पुण्यवान, सवाष्ण गेली.

मोगलाची फौज पुण्यावर चालून आली तेव्हाचं तर त्यांना असं आठवे की जणू ते कुणा दुसऱ्याच, बऱ्यापैकी शूर माणसाला घडलं असावं. वैशाखाचं ऊन, गावभर पळापळ, सिंहगडाच्या वाटेला गाड्याच गाड्या. वडिलांनी देव घेतले, पंतांनी फडाच्या कागदांचे दोन रुमाल घेतले, कारण त्यांना वाटलं दौलत त्यावर उभी आहे. अंगणात बैलगाडी उभी होती आणि सगुणा सापडेना. मग ती परसातून आली, पदरात काहीतरी बांधून. खडकवासल्याला एका गोठ्यात त्यांनी मुक्काम केला. गोठ्यातल्या त्या उष्ण काळोखात, पुण्याकडचं आभाळ तांबडं दिसत असताना, शेणाच्या वासातून लसणाचा वास आला. वडील म्हणाले, 'सूनबाई, ते आणलंत?' सगुणा म्हणाली, 'हो.' वडील त्या तांबड्या आभाळाकडे पाहत राहिले. त्यांचं घर जळत होतं. मग म्हणाले, 'बरं केलंत.' परत आल्यावर घराची राख झालेली. कार्तिकात तिनं त्याच राखेत पाकळ्या लावल्या आणि त्या वर्षी लसूण असा काही फोफावला की सगुणा म्हणाली, दर वर्षी कुणीतरी पुणं जाळायला हवं. त्याच वेळी, मातीत गुडघे टेकून, तिनं पंतांना ते सांगितलं होतं. पंतांनी विचारलं होतं की बी कुठून आणतेस. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. 'अहो, लसणाला बी कुठलं? पाकळी लावायची, तीच उगवते. आईनं लावला तोच हा. तिच्या आईनं लावला तोही हाच. मेलाच नाही तो कधी.' पंत तेव्हा हसले होते. एखाद्या कारकुनाला अशा गोष्टी हास्यास्पद वाटतात, कारण त्याच्या दप्तरात प्रत्येक माणसाच्या नावापुढे शेवटी काहीतरी लिहावंच लागतं.

मग दोन वर्षांपूर्वी तिची नखं पिवळी झाली. डोळे पिवळे झाले. पुढे पोट पाण्यानं भरत गेलं आणि वैद्यांनी जलोदर म्हणून पाणी बंद केलं. फक्त दूध, तेही मोजून. भाद्रपद होता, बाहेर पन्हळीतून पाणी कोसळत होतं आणि आत ती कोरडे ओठ चाटत पडली होती. पंत उशाशी बसत. तिला बोलायला त्रास होई, पण टोमणे मारायला होत नसे. 'लसणाचं पाणी तोडतात तसं माझं तोडलंत,' ती म्हणाली. 'आता वाळवून शिंक्याला टांगा म्हणजे झालं.' पंत हसले, कारण तिला ते हवं होतं. ती आश्विनात गेली. आणि कार्तिकात, मुलगा फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेत, घरात फक्त ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण मथुराक्का, अशा वेळी पंतांनी पडवीत टांगलेल्या गड्ड्या खाली काढल्या, फडावर बोटांना पडलेले शाईचे डाग घेऊन ते वाफ्यात बसले आणि सगळ्या पाकळ्या लावल्या. एकही खाल्ली नाही. त्या सुंदर उगवल्या. पंत रोज पहाटे जाऊन बघत. माघ गेला, फाल्गुन लागला, आणि पातींची टोकं पिवळी पडायला लागली.

तिथे पंत घाबरले. पिवळं पडणं म्हणजे काय ते त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. त्यांनी पोहऱ्यामागून पोहरा विहिरीतून काढला आणि वाफ्यात ओतला. पिवळेपणा वाढला, तसं पाणी वाढलं. सगुणेचं ते वाक्य त्यांना आठवत नव्हतं असं नाही, रोज आठवत होतं. पण त्यात लसूण आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांना त्यातलं फक्त 'पाणी तोडलंत' एवढंच ऐकू येई. शेवटी पाती आडव्या झाल्या आणि त्यांनी उपटून पाहिलं तर हातात काळा, घाण मारणारा चिखल आला. मथुराक्का मागे येऊन उभी होती. डोक्यावरचं लाल आलवण पुढे ओढत ती म्हणाली, 'अरे, पिकत होतं ते.'

'म्हणजे?'

'म्हणजे पिकत होतं. पिवळं झालं की पाणी तोडायचं असतं, मग गड्डी धरते. सगुणा तोडायची.'

'मग तू बोलली का नाहीस?'

'मला काय विचारतोस? मी त्याचं नाव घेते का कधी?'

पंतांनी तो सगळा चिखल बोटांनी चाळला. कडेला, जिथे पाणी पोचत नव्हतं, तिथे मूठभर गड्ड्या वाचल्या होत्या. लोणीला आता कुणी उरलं नव्हतं. तिचा भाऊ गेल्यावर घर विकलं, मळा कुणीतरी उसाखाली आणला. म्हणजे हा मूठभर लसूण संपला की सगळं संपलं. त्या गड्ड्या त्यांनी वाळवल्या, पावसाळाभर जपल्या आणि या कार्तिकात लावल्या. आता पुन्हा फाल्गुन होता. पाती पुन्हा पिवळ्या पडू लागल्या होत्या. आणि श्रीधरपंतांनी पाट सरकवला होता.

घरी पोचले तेव्हा आक्का ओसरीवर वाती वळत होती. तिनं मान वर केली नाही. पुण्यात बातमी माणसाच्या आधी पोचते.

'उपट ते,' ती म्हणाली.

'अजून तयार नाही. आत्ता उपटलं तर वाळणार नाही, सडेल. पुढच्या वर्षी लावायला काही उरणार नाही.'

'नाही उरलं तर नाही उरलं. पंगतीतलं पान गेलं तर काय करशील? त्या वाफ्यात जाऊन जेवशील?'

'आक्का, ते सगुणेचं आहे.'

'तुझं पानही सगुणेच्या नवऱ्याचंच आहे,' आक्का म्हणाली आणि वात इतक्या जोरानं वळली की ती तुटली.

त्यापुढे घरात जे सुरू झालं त्याला युद्ध म्हणता येणार नाही, कारण त्यात कुणी काही बोललं नाही. न्हाणीचं पाणी पाटानं जाई. पुढे पाटाला दोन फाटे, एक अळूकडे, एक त्या वाफ्याकडे. पंत पहाटे उठून पाहत तो वाफ्याकडचा फाटा मातीच्या ढेकळानं बंद केलेला असे. ते ढेकूळ काढून टाकत. त्यांना माहीत होतं की पाणी तोडायला हवं. गेल्या वर्षीचा चिखल अजून त्यांच्या नखांत होता. पण माहीत असणं डोक्यात असतं आणि पोहरा हातात असतो. कोरडी पडत चाललेली, भेगा पडू लागलेली ती जमीन बघितली की त्यांच्या कानांत कुणीतरी ओठ चाटल्याचा आवाज येई, आणि ते ढेकूळ काढत. थोडंच, ते मनाशी म्हणत, ओठ ओले होण्यापुरतं. दुपारी फडावरून आले की ढेकूळ जागच्या जागी. लाल मातीत अनवाणी पायाच्या टाचेचा ठसा. आक्का त्या वाफ्याला हात लावत नव्हती. पाय लावत होती. उपट म्हणणारी तीच, आणि पिकवणारीही तीच, हे काय गौडबंगाल आहे असं विचारावं म्हणून ते एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आक्का सोवळ्यात होती. अंतरावरूनच म्हणाली, 'उपटायचं तर उपट. नाहीतर पाणी तोड. रोज थोडं थोडं मारू नकोस.' पंत परत परसात आले. धप्‌धप् लगदा कुटला जात होता. ते वाफ्याच्या कडेला, ती बसायची तसे उकिडवे बसले. पाती निम्म्या वाळल्या होत्या, माना मऊ पडून एका बाजूला कलल्या होत्या. ते बराच वेळ बसून राहिले आणि एकदाही विहिरीकडे गेले नाहीत. वैद्य बरोबर होता की चूक हे कधीच कळणार नव्हतं. पण ती पाणी मागत नव्हती, ती टोमणा मारत होती, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तहानेनं नाही, करमणुकीसाठी बोलली होती. त्यांच्या करमणुकीसाठी. त्यानंतर ढेकूळ कुणी काढलं नाही.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीधरपंत आले. सहज आले. इतकी वर्षं ते या घरी सहज आले नव्हते. उपरण्यानं वारा घेत त्यांनी यंदाचा उन्हाळा, कात्रजच्या नळाला कमी झालेलं पाणी, फडावरचे नवे लोक, असे सगळे विषय एकेक करून हातावेगळे केले. मग म्हणाले, 'पंत, तुमच्या विहिरीचं पाणी गोड म्हणतात. पाहू तरी.'

'गडी आणून देईल.'

'छे छे, त्याला कशाला त्रास. विहीरच पाहू.'

दोघं परसात गेले. श्रीधरपंतांनी विहिरीत वाकून पाहिलंसं केलं. मग त्यांची मान, सूर्यफुलासारखी, अगदी सावकाश, वाफ्याकडे वळली. वाळलेल्या पाती, भेगाळलेली माती आणि अर्धवट वर आलेल्या लहान जांभळ्या गड्ड्या. लपवायला तिथे काहीच नव्हतं. आक्का पडवीच्या दारात उभी होती.

'अरे वा,' श्रीधरपंत म्हणाले. 'बाग केलीत. निशिगंध का?'

पंत वाफ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

'नाही, निशिगंध एवढा बुटका नसतो. मग औषधी काहीतरी असेल.' आता त्यांनी पहिल्यांदा पंतांकडे सरळ पाहिलं, आणि त्या नजरेत, आश्चर्य म्हणजे, दुष्टपणा नव्हता. ते दार उघडून धरत होते. 'घरात म्हातारं माणूस असलं की औषधी लागतंच. वाताला वगैरे. शास्त्रात आधार आहे. मी म्हणालोही परवा, कुणीतरी विषय काढला तेव्हा, की यज्ञेश्वरपंतांकडे असलं तर ते औषधीच असणार. हो की नाही?'

एवढं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की रामनवमीची अक्षत आली असती. वडील तो शब्द स्वीकारून गेले होते, सगुणा स्वतः त्याच शब्दाच्या आडोशाला या घरात नांदली होती. पंतांनी जन्मभर फडावर याहून मोठमोठ्या गोष्टींना याहून फिकट शब्द लावले होते. पराभवाला त्यांनी 'माघारी येणे' लिहिलं होतं, लुटीला 'खंडणीचा वसूल'. शब्द त्यांच्या जिभेवर तयार होता. पण त्यांना ती दुपार दिसली, तोंडावर पदर धरून लोटपोट हसणारी ती पोर, आणि ती काही कुणाला बरं करत नव्हती. कुणी आजारीच नव्हतं.

'नाही,' पंत म्हणाले. 'लसूण आहे. खायचा.'

धप्. धप्. पलीकडे दांडा पडत राहिला. श्रीधरपंतांनी उपरणं झटकलं. 'असं,' ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, खऱ्याच खेदानं, 'पाणी छान आहे हो तुमचं.' पाणी त्यांनी प्यायलं नव्हतं.

अष्टमीला सकाळी सरदाराचा माणूस अक्षतीची वाटी घेऊन गल्लीत आला. पंत ओसरीवर बसले होते. माणूस पंतांना ओळखत होता. गेली कित्येक वर्षं त्यानं या दारात अक्षत दिली होती. तो जोशांकडे गेला. मग त्यानं पंतांना लवून नमस्कार केला, जरा जास्तच लवून, आणि पुढच्या घराकडे वळला. पंतांना वाटलं होतं की छातीत काहीतरी होईल. झालं एवढंच की गल्लीतला लिंबाचा मोहर त्यांना फार स्पष्ट दिसला. ते उठले, आत गेले, आक्काला काही न सांगता परसात गेले. आक्काला सांगायचं उरलंही नव्हतं. माती मऊ नव्हती, पण लसूण सुटून आला. एकेक उपटून, माती झटकून त्यांनी पडवीच्या सावलीत पसरला. दिवसामागून दिवस तो तिथे वाळला. सालं कागदासारखी कुरकुरीत झाली. गड्ड्या फार नव्हत्या, पण प्रत्येक घट्ट होती, दाबली तर दबत नव्हती.

मग एका दुपारी ते वेणी घालायला बसले. सगुणा पातींच्या वेण्या घालून लसूण ठेवायची. तसा टांगला की हवा लागते, बुरशी येत नाही. पंतांनी तीन पाती घेतल्या, एकावर एक टाकल्या, आणि त्या लगेच सुटल्या. पुन्हा घेतल्या. एक पात तुटली. इतकी वर्षं मोडी लिपीचे वळसे एका हातानं, लेखणी न उचलता, काढणारा माणूस. पण तीन पेड त्यांना जमेनात. गड्डी घरंगळत अंगणात गेली. ती आणायला ते उठले आणि परत वळले तर त्यांच्या जागी आक्का बसलेली होती.

'आक्का, हात लागतोय त्याला.'

'दिसतंय मला,' आक्का म्हणाली. 'अंघोळ काय, करायचीच असते.'

तिनं तीन गड्ड्या पुढे ओढल्या, पाती ओल्या बोटांनी सरळ केल्या, आणि तिची बोटं चालायला लागली. पंत बघत राहिले. त्यांना ती आठवत होती तेव्हापासून आक्काच्या डोक्यावर हा लाल पदर होता. पण त्याच्याही आधीचं काहीतरी होतं, फार अंधुक, एका माजघरात खाली बसलेली मोठी बहीण आणि तिच्या खांद्यावरून पुढे घेतलेलं काळंभोर, जाड, जमिनीला टेकणारं काहीतरी, ज्याला ते रांगत जाऊन धरत आणि मार खात. आक्काच्या बोटांना एकदाही थांबावं लागलं नाही. एक पेड वर, एक खाली, मधला ओढून घट्ट. दर दोन वळशांना बाजूनं नवी गड्डी आत घ्यायची, तिची पात पेडात मिसळून टाकायची. ती पाहतही नव्हती. तिचं तोंड जरा उघडं होतं आणि नजर समोर, भिंतीच्या वर कुठेतरी होती. वेणी वितीची झाली, मग हाताची झाली. कागद्यांचा दांडा दुपारच्या जेवणाला थांबलेला होता. गड्ड्या संपत आल्या तशी आक्कानं गती कमी केली, अगदी कमी केली, आणि शेवटच्या पातींशी आल्यावर, बांधायला हात मोकळा हवा म्हणून, तिनं वेणी भावापुढे केली.

'टोक धर,' ती म्हणाली. 'सोडू नकोस.'

पंतांनी धरलं.